गॅसचा टँकर गेटाबाहेर काढण्याआधी: पाट्यांची तयारी

उद्या सकाळी टँकर भरून निघणार असेल तर आज संध्याकाळी कागदपत्रांची फाईल बाजूला ठेवून आधी गाडीभोवती एक फेरी मारा, तीही जरा लांबून. टाकीत काय आहे ते सांगणाऱ्या पाट्या आरटीओसाठी असतात असा आपल्याकडे समज आहे. त्यामुळे नाक्यावर कोणी हटकणार नाही एवढ्यापुरतीच त्यांची डागडुजी होते. पण गाडी कलंडली तर तिथे आरटीओ आधी पोचत नाही. आधी पोचतो मागून येणारा पिकअपवाला, शेजारच्या वाड्यावरचा कोणीतरी, आणि मग बंब घेऊन आलेले जवान. २०१८ च्या जानेवारीत वास्कोजवळ चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला, तेव्हा भल्या पहाटे लोकांना घरे सोडून निघावे लागले होते. आत काय आहे हे अशा वेळी लांबूनच कळायला हवे.

पाट्या तीन लागतात: दोन्ही बाजूंना एकेक आणि मागे एक. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १३४ त्यांची मापेही देतो, म्हणून खिशात टेप ठेवा. मालाचे नेमके तांत्रिक नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत हवे. यूएनचा अंक, म्हणजे त्या मालाला संयुक्त राष्ट्रांच्या यादीत दिलेला क्रमांक, किमान १०० मिलिमीटर, धोक्याचे चौकटी लेबल किमान २५० मिलिमीटर, आणि फोन नंबर पुन्हा ५० मिलिमीटर. पेंटर बहुधा नाव झोकात मोठे काढतो आणि जागा संपली की फोन नंबर कोपऱ्यात कोंबतो. काम देतानाच त्याला मापे कागदावर लिहून द्या. नियमात नसले तरी नावाखाली देवनागरीत ‘अमोनिया, विषारी’ किंवा ‘एलपीजी, पेट घेणारा’ एवढे लिहून घ्यावे असे माझे मत आहे. आपल्या गावांत ते वाचणारे जास्त भेटतील.

अंक आणि माल जुळतात का, हे इन्व्हॉइस हातात धरून पाहा. एलपीजीला १०७५, निर्जल अमोनियाला १००५, क्लोरीनला १०१७, द्रव ऑक्सिजनला १०७३, द्रव नायट्रोजनला १९७७. लेबलाचा रंगही तितकाच बोलका असतो. पेट घेणाऱ्या वायूला लाल आणि ज्वाळेचे चित्र, न पेटणाऱ्या, बिनविषारी वायूला हिरवा आणि सिलिंडरचे चित्र, विषारी वायूला पांढरा आणि कवटी. ऑक्सिजन हिरव्यात मोडतो, पण तो दुसऱ्याची आग भडकवतो म्हणून जोडीला पिवळे लेबल लागते. अमोनियाला कवटीबरोबर कातडी जाळणाऱ्या पदार्थांचे काळे-पांढरे लेबलही हवे.

इथे आपल्या गोव्याच्या हवेचा त्रास लक्षात घ्या. वास्को, वेर्ण्याच्या उन्हात लाल स्टिकर हळूहळू गुलाबी होतो, मग फिकट होत जातो. पुढे लांबून ज्वाळाही दिसत नाही आणि लेबल पांढऱ्या गटातले वाटू लागते. पत्र्याच्या पाटीला खाऱ्या वाऱ्याने रिव्हेटपाशी गंज धरतो आणि त्याचा तपकिरी ओघळ बरोबर अंकांवर उतरतो. ७ चा १ व्हायला तेवढे पुरे. पावसाळ्यात मागच्या चाकांनी उडवलेला तांबडा चिखल मागची पाटी पार झाकून टाकतो. क्लीनर तो डिझेलच्या फडक्याने पुसतो, आणि स्टिकरच्या कडा सुटतात त्या त्यामुळेच. साबणाचे पाणी आणि मऊ फडके द्या. जून ते सप्टेंबर रस्त्यात गाडी थांबेल तिथे मागची पाटी पुसायची, हे त्याच्या कामातच घाला. दसऱ्याला गाडीची पूजा जरूर करा, पण झेंडूची माळ आणि आंब्याचे टहाळे केबिनपुढे बांधा. लेबलावर लोंबणारी माळ गाडी निघण्यापूर्वी उतरवा.

आता फोन नंबर, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच सापडतात. नियमाला दोन हवेत: एक आपत्कालीन सेवेचा, दुसरा माल पाठवणाऱ्याचा किंवा त्या वायूची माहिती असलेल्या जाणकाराचा. दोन्ही लावून पाहा, आणि दुपारी नव्हे, रात्री लावा. ऑफिसचा लँडलाइन रात्री वाजत राहणार असेल तर तो पाटीवर असून नसून सारखाच. नंबर गोव्यातला असेल तर पुढे ०८३२ आहे ना? आपल्याला इथे तो जोडायची सवय नसते. पण गाडी मोले सोडून अनमोड घाट चढून कर्नाटकात गेली की त्या कोडशिवाय नंबर लागणार नाही. ११२ आणि १०१ असावेतच. एलपीजीसाठी १९०६ ही गळतीची हेल्पलाइन आहे, तीही लिहा.

पाटीवर हॅझकेम कोड, म्हणजे अपघातात काय करायचे ते अंक-अक्षरांत सांगणारी खूण, असेल तर त्याचा अर्थ ड्रायव्हरला तोंडपाठ हवा. एलपीजीच्या कोडात सुरुवातीचा २ म्हणजे पाण्याचा बारीक फवारा मारायचा, आणि शेवटचे ई म्हणजे आसपासचे लोक हलवायचा विचार करायचा. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो गटारात, विहिरीत, सखल शेतात साचतो. ड्रायव्हरला एवढे माहीत असले तर तो लोकांना उतारावर पाठवणार नाही.

टाकीला जोडलेली नेमप्लेट लहान असते आणि ती सहसा कोणी वाचत नाही. तिच्यावर बनवणाऱ्याची खूण, डिझाइन दाब, पाण्याच्या मापातली क्षमता, किती वजनापर्यंत वायू भरायचा, आणि दाबचाचणीच्या तारखा असतात. रंगकाम करताना पेंटरने तिच्यावर ब्रश फिरवला असेल तर तो खरवडून काढा. चाचणी साधारणपणे पाच वर्षांच्या आत, विषारी किंवा गंजवणाऱ्या वायूला दोन वर्षांच्या आत. सेफ्टी व्हॉल्व्हची दरवर्षी. पेसोच्या, म्हणजे स्फोटके आणि दाबाच्या टाक्यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, परवान्यात ज्या वायूचे नाव आहे तोच टाकीत भरायचा. २०२१ च्या कोविड लाटेत नायट्रोजन आणि अर्गॉनचे टँकर ऑक्सिजनकडे वळवायला केंद्राने मुभा दिली होती, तशी वेळ आली तर आतली सफाई जितकी महत्त्वाची तितकेच बाहेरचे नाव, अंक आणि लेबल बदलणे. जुन्यावर नवे चिकटवू नका, पावसात वरचे निघून खालचे उघडे पडते. व्हॉल्व्हच्या पेटीत कुठली नळी द्रवाची, कुठली वाफेची, आणि आणीबाणीत बंद करायचा खटका कुठे, हे रंगाने आणि अक्षरांनी लिहिलेले असावे.

बाकीचे पटकन उरका. चमकपट्टी पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. वेग रोखणारा स्पीड गव्हर्नर ताशी ६० किलोमीटरवर. ड्रायव्हरच्या लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद आणि ती मुदतीत. ट्रेमकार्ड, म्हणजे अपघातात काय करायचे ते सांगणारा कागद, केबिनमध्ये, त्याच मालाचे, आणि ड्रायव्हरला वाचता येईल अशा भाषेत. ते मोबाइलमधल्या फोटोत नको, घाटात रेंज गेली किंवा फोन केबिनमध्ये अडकला तर कागदच हाताशी येतो.

माल उतरवून रिकामी निघालेली गाडी ही वेगळीच भानगड. ‘आता काय, रिकामीच आहे’ म्हणून पाट्या उलट्या करायची खोड पुष्कळांना असते. टाकीत वाफ शिल्लक असते आणि एलपीजीची वाफ पेटायला तेवढी पुरते. पर्जिंग करून, म्हणजे उरलेला वायू बाहेर काढून, टाकी वायुमुक्त झाल्याचा दाखला हातात येईपर्यंत तिन्ही पाट्या जशाच्या तशा राहू द्या, गाडी यार्डात उभी असली तरी.