द्याचेन्को वाचायचे तर सुरुवात कुठून करायची (आणि इंग्रजीतल्या क्रमावर का जायचं नाही)

युक्रेनमधली सायन्स फिक्शन-फँटसी वाचायची म्हटलं की पहिलं नाव येतं ते मरीना आणि सर्गेई द्याचेन्को या नवराबायकोचं, आणि तिथेच बरेच जण अडकतात. इंग्रजीत आलेली पुस्तकं ज्या क्रमाने आली त्या क्रमाने वाचली की वाटतं हे लेखक दर पुस्तकात कोणीतरी वेगळेच आहेत. एकात तलवारबाजी, पुढच्यात कॉलेज, त्यानंतर एकदम टेडी बेअर घेतलेली मुलगी. तर हा गोंधळ कसा सोडवायचा, कुठलं पुस्तक आधी उचलायचं आणि वाचताना लक्ष कशावर ठेवायचं ते सांगतो.

आधी माणसं कोण ते समजून घ्या, कारण इथे त्याचा खरंच उपयोग आहे. दोघंही कीवचे. सर्गेईचा जन्म 1945 चा, मरीनाचा 1968 चा, म्हणजे दोघांत 23 वर्षांचं अंतर. तो आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग मॉस्कोच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून पटकथा शिकलेला. ती नाटकातली नटी. कादंबऱ्या लिहायच्या आधीच त्याचं पटकथालेखक म्हणून नाव झालेलं होतं. निकोलाय वाविलोव, म्हणजे जगभर हिंडून बियाणं गोळा करणारा तो शास्त्रज्ञ, जो स्टालिनच्या काळात 1943 साली तुरुंगात मेला, त्याच्यावरच्या 1990 च्या टीव्ही मालिकेच्या लेखनात हा होता. युक्रेनमधल्या 1932-33 च्या दुष्काळावरचा 'होलोद-33' नावाचा सिनेमा 1991 ला आला, त्याच्या पटकथेवरही याचं नाव आहे. म्हणजे बघा, ड्रॅगन वगैरे नंतर आले, त्याआधी या माणसाने भुकेने मेलेल्या गावांवर काम केलेलं होतं. एक जण माणसाचं डोकं उघडून बघणारा आणि एक जण दुसऱ्याच्या कातडीत शिरणारी, हे कॉम्बिनेशन डोक्यात ठेवलंत तर पुस्तकं निम्मी सोपी होतात.

आता क्रम. खरा क्रम असा. पहिली कादंबरी 'द्वारपाल' 1994 ला (नावांचं मराठी मी माझ्या सोयीने करतोय, दुकानात या नावांनी शोधू नका). 1996 ला 'रिच्युअल', 1997 ला 'द स्कार' आणि त्याच सुमारास 'चेटकिणींचं युग'. 2003 ला 'पान्देम', 2006 ला 'डॉटर फ्रॉम द डार्क', 2007 ला 'व्हिटा नोस्ट्रा'. इंग्रजीत मात्र 'द स्कार' आलं 2012 ला, मग थेट 2018 ला 'व्हिटा नोस्ट्रा', आणि त्याच्या आधी लिहिलेलं 'डॉटर' त्याच्यानंतर, 2020 ला. त्यामुळे इंग्रजी रिव्ह्यू वाचलेत तर लोक म्हणतात की 'डॉटर' मध्ये लेखक जरा साधे झालेत, अरे पण ते आधीचं पुस्तक आहे, साधे झाले नाहीत, अजून तिथवर पोचायचे होते!

सुरुवात 'द स्कार' पासून करा असा माझा सल्ला. 'व्हिटा नोस्ट्रा' जास्त गाजलेलं आहे हे मान्य, पण ते पहिलं वाचलंत तर बाकीचं फिकं वाटेल. 'स्कार' चार भागांच्या मालिकेतला दुसरा भाग आहे, पण पहिला न वाचताही काही अडत नाही, गोष्ट स्वतंत्र आहे. एगेर्ट सोल नावाचा एक सैनिक, गावाचा लाडका, तलवारीत एक नंबर, वरून माजलेला. गावात एक विद्यार्थी आपल्या होणाऱ्या बायकोबरोबर येतो, हा तिच्यावर लाइन मारतो, भांडण उकरून काढतो आणि ज्याला तलवार नीट धरता येत नाही अशा त्या पोराला द्वंद्वात मारून टाकतो. कायद्याने गुन्हा नाही, सगळे पाठ थोपटतात. मग एक अनोळखी वाटसरू येतो, एगेर्टच्या गालावर वार करतो आणि निघून जातो, बस. त्या व्रणाबरोबर एगेर्ट भित्रा होतो. भित्रा म्हणजे अंधाराला, उंचीला, रक्ताला, सगळ्याला घाबरणारा.

इथे थांबून एक गोष्ट टिपून ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक पुस्तकाला तीच चावी लागते. द्याचेन्को जग मोठं उभं करत बसत नाहीत, नकाशे नाहीत, राजघराण्यांच्या वंशावळी नाहीत. ते एका माणसावर एक अट घालतात आणि मग बघत बसतात की हा काय करतो. एगेर्टला अट भीतीची. 'रिच्युअल' मध्ये ड्रॅगनच्या कुळातल्या वंशजावर अट की राजकन्या पळवून आणायची आणि विधीप्रमाणे खायची, पण तो आणतो ती नेमकी जिच्यासाठी कोणी राजपुत्र धावत येणार नाही अशी, दिसायला यथातथा आणि तोंडाने फटकळ. 'पान्देम' मध्ये तर अट अख्ख्या मानवजातीवर, एक अफाट बुद्धी एकाच वेळी पृथ्वीवरच्या प्रत्येकाशी मनातल्या मनात बोलायला लागते आणि मदत करते, आता बोला. म्हणून वाचताना 'ही जादू चालते कशी' हे विचारू नका, त्याचं उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही, 'किंमत कोण देतंय' हे विचारा.

'रिच्युअल' वरून 2015 ला रशियात सिनेमा निघाला, इंग्रजीत 'ही इज अ ड्रॅगन' नावाने फिरतो. बघा, दिसायला छान आहे, पण पुस्तकाच्या जागी चालणार नाही. पुस्तकातली ती फटकळ राजकन्या सिनेमात सुंदर करून टाकलीय, मग उरलं काय!

'स्कार' नंतर 'डॉटर फ्रॉम द डार्क'. यात ॲस्पिरिन नावाचा एक डीजे रात्री अंधाऱ्या गल्लीत एका लहान मुलीला बघतो, हातात टेडी बेअर, आणि एकदा मदत केली म्हणून ती त्याच्या घरी येऊन बसते ती बसतेच. टेडीचं काय होतं ते सांगत नाही. हे पुस्तक थोडं चिडचिड करायला लावणारं आहे, ॲस्पिरिन काही फार आवडण्यासारखा माणूस नाही, पण मुलीचा व्हायोलिनचा रियाज ज्या तऱ्हेने लिहिलाय ना, बोटं दुखेपर्यंत, तिथे पुढच्या मोठ्या पुस्तकाची तयारी चाललेली दिसते.

आणि मग 'व्हिटा नोस्ट्रा'. याला वेळ द्या, ट्रेनमध्ये तुकड्यातुकड्याने वाचायचं पुस्तक नाही. साशा ही शाळकरी मुलगी आईबरोबर समुद्रावर सुट्टीला आलीय, तिथे काळा चष्मा घातलेला एक माणूस तिच्या मागे लागतो. तिला सांगतो, रोज पहाटे चार वाजता उठायचं, कपडे काढून पाण्यात उतरायचं आणि पाण्यात तरंगणाऱ्या बोयापर्यंत (हद्दीची खूण) पोहून परत यायचं. ती घाबरत घाबरत जाते, परत येते आणि तिला उलटी होते, उलटीतून सोन्याची नाणी पडतात. हा प्रसंग मुद्दाम हळू वाचा. काहीही भयंकर घडत नाही, कोणी हात लावत नाही, समुद्र शांत, पहाटेची वेळ, आणि तरी पोटात गोळा येतो. मग एकदा तिचं पोहणं चुकतं आणि आईला नुकताच भेटलेला मित्र हार्टचा त्रास होऊन दवाखान्यात जातो. तो काळ्या चष्मेवाला म्हणतो की मी अशक्य काही मागत नाही. खरंच मागत नाही, तोच तर त्रास आहे.

पुढे साशा तोर्पा नावाच्या गावात 'विशेष तंत्रज्ञान संस्थे'त शिकायला जाते. लोक याला जादूची शाळा म्हणून विकतात, त्या अपेक्षेने जाऊ नका. तिथे जादूच्या छड्या नाहीत, सामने नाहीत. पोरांना काहीही अर्थ न लागणारे परिच्छेद पाठ करायला देतात, अभ्यास झाला नाही तर शिक्षा घरच्या माणसांना होते, आणि दुसऱ्या वर्षाची मुलं बघून पहिल्या वर्षाची घाबरतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला फळ्यावर काय चाललंय हे न कळता सगळं उतरवून घेणाऱ्या कुणालाही हा भाग ओळखीचा वाटेल.

वाचायच्या दोन प्रॅक्टिकल गोष्टी. एक, पुस्तकाला प्रकरणं नाहीत, फक्त मोठे भाग आहेत, त्यामुळे थांबायच्या जागा स्वतः ठरवा, परीक्षा किंवा सुट्टी आली की थांबायला बरं पडतं. दोन, न कळणारं मागे जाऊन परत वाचत बसू नका, साशालाही कळत नाहीये, तिच्याबरोबर चालत राहा. शेवटाबद्दल आधी कुठेही वाचू नका, तो इतका वेगळ्याच दिशेला जातो की सांगून टाकला तर मजाच गेली.

आता नेहमीची फसगत. 'व्हिटा नोस्ट्रा' नंतर लेखकांनी 2009 आणि 2010 ला अजून दोन कादंबऱ्या काढल्या, 'डिजिटल' आणि 'मायग्रंट', आणि तिघींना मिळून एक चक्र म्हटलं. 'व्हिटा नोस्ट्रा' हे नाव आणि या दोघींची लॅटिन उपनावंही एकाच जुन्या लॅटिन विद्यार्थीगीताच्या ओळीतून घेतलेली. पण ती साशाची पुढची गोष्ट नाही, विषय सारखा, माणसं वेगळी. साशाचं पुढे काय झालं हे हवं असेल तर 'असॅसिन ऑफ रिॲलिटी' घ्या, ते मूळ 2021 चं, इंग्रजीत 2023 ला आलं, आणि त्यानंतरचं 'स्कूल ऑफ शार्ड्स' 2025 ला. 'व्हिटा नोस्ट्रा'चा अनुवाद जूलिया मेइटोव हर्सी यांचा आणि तो फार चांगला आहे.

दरम्यान त्यांच्या आयुष्यातही बरंच घडून गेलं. 2005 ला ग्लासगोच्या युरोकॉनमध्ये (युरोपातलं सायन्स फिक्शनचं संमेलन) त्यांना युरोपातले सर्वोत्तम लेखक म्हणून गौरवलं, मग कीव सुटलं, काही वर्षं मॉस्को, तिथून कॅलिफोर्निया. सर्गेई मे 2022 मध्ये तिकडेच वारला. इंग्रजीतला साशाचा दुसरा भाग त्याला बघायला मिळाला नाही.

पुस्तकं शोधताना इंग्रजी कव्हरवर नाव सर्गेई असंच असतं, युक्रेनियन वळणाचं सेर्ही टाकलंत तर कधीकधी काही सापडत नाही. छापील प्रत परदेशातून येते म्हणून महाग पडू शकते, ई-बुकचा भाव आधी बघून घ्या.

आणि एवढं आवडलं तर खारकीवच्या दोघांकडे वळा, दिमित्री ग्रोमोव आणि ओलेग लादिझेन्स्की, हे हेन्री लायन ओल्डी या एकाच नावाने लिहितात. द्याचेन्को, ओल्डी आणि आंद्रेई वालेन्तीनोव हा अजून एक लेखक अशा पाच जणांनी मिळून 'रुबेझ' नावाची कॉसॅकांच्या (तिकडचे घोडेस्वार लढवय्ये) काळातली कादंबरी लिहिलीय. पण आपल्यासाठी जास्त मजेची आहे ओल्डींची नव्वदच्या दशकातली महाभारतावरची त्रिखंडी. एक खंड भीष्माचा, एक द्रोणाचा, एक कर्णाचा, आणि सांगणारा कोण, तर खुद्द इंद्र, ज्याला स्वर्गात काहीतरी बिनसलंय असा संशय येतोय. कृष्णाची बाजू तिथे फारशी घेतलेली नाही, तेव्हा घरात कीर्तनाला जाणारं कोणी असेल तर गोष्ट जरा जपून सांगा.