ओव्हनपासून अलार्मपर्यंत: तासाची उलटापालट

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी 'डेलाइट सेव्हिंग टाइम'साठी (डीएसटी, म्हणजे उन्हाळ्यापुरती तासभर पुढे केलेली वेळ) मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. फोन आपोआप बदलतो, मायक्रोवेव्ह मख्ख.

आधी 'क्लिअर' दाबा, कारण टायमर अर्धवट राहिला असेल तर 'क्लॉक' बटण बहुधा दाद देत नाही. मग क्लॉक, वेळेचे आकडे, पुन्हा क्लॉक (काहींवर स्टार्ट). हे शेवटचं बटण राहिलं की जुनीच वेळ परत येते. ओव्हनला एएम-पीएम असेल तर तेही बघा, नाहीतर 'डिले स्टार्ट' (ठरवलेल्या वेळी ओव्हन आपोआप सुरू होणं) बारा तास चुकतो.

खरी डोकेदुखी जुन्या अलार्म रेडिओची. २००७ पासून तारखा बदलल्या, पण त्याआधीच्या 'ऑटो' घड्याळांत एप्रिलचा पहिला आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवारच पक्का भरलेला असतो. म्हणजे हाताने नीट करा, काही आठवड्यांनी ते स्वतःहून पुन्हा बिघडवणार! मेनूत 'ऑटो डीएसटी' असेल तर बंद करून टाका. नसेल तर जुन्या आणि नव्या तारखांमधल्या आठवड्यांपुरता टाइम झोन एक घर पूर्वेचा ठेवा. कारण मार्च असो वा ऑक्टोबर, त्या आठवड्यांत असं घड्याळ तासभर मागेच असतं. ईस्टर्नवाल्यांना (अमेरिकेच्या पूर्वेकडच्या टाइम झोनमधल्यांना) आणखी पूर्वेचा पर्याय मिळेलच असं नाही.

कोलोरॅडोहून येणाऱ्या ६० किलोहर्ट्झच्या रेडिओ संकेतावर चालणारं भिंतीवरचं घड्याळ बदललं नाही, तर रात्रभर खिडकीत ठेवा, फ्रिज-टीव्हीपासून लांब.