कट आणि खून: प्रत्यक्षदर्शी नसलेली फाईल कशी वाचावी

सेशन्स कोर्टात नुकतीच ज्युनियरशिप सुरू केली असेल, तर एक आवर्जून सांगते. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसलेला खुनाचा खटला हाती आला, की दोषारोपपत्र पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. त्यात तपासाची कथा आधीच रचलेली असते आणि ती एकदा डोक्यात बसली, की पुराव्यातली भोकं दिसेनाशी होतात. मी कोरा कागद घेते. हेतू, शेवटचं एकत्र दिसणं, हत्यार, फोन, एकेका ओळीत एकेक. पुढे दोन रकाने: हे कोण सिद्ध करणार, आणि आरोपी निर्दोष असूनही हे घडू शकतं का?

हा दुसरा रकाना सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालातून येतो. त्यातलं 'पंचशील', म्हणजे परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या, सगळ्यांना पाठ असतं, पण निकाल मुळातून वाचा. प्रत्येक परिस्थिती आधी पूर्णपणे सिद्ध व्हायला हवी, साखळीचा विचार त्यानंतर. चार संशयांची मोळी बांधली म्हणून पुरावा होत नाही. आरोपीचा बचाव खोटा ठरला, तरी सरकार पक्षाची तुटलेली कडी त्याने जोडली जात नाही.

निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीने पंचांसमोर काय काढून देतो म्हटलं त्याची नोंद, शब्दन् शब्द वाचा. समजा, आरोपी म्हणतो, "ज्या कोयत्याने मी त्याला मारलं, तो गोठ्यामागे पुरलाय, काढून देतो." यातलं पुरल्याचं आणि काढून देण्याचं तेवढंच ग्राह्य, मारल्याचा भाग गळतो. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय) १९४६ मध्ये पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात घालून दिलेली ही रेघ जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम २७ खाली होती, आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. शिवाय जागा सगळ्यांना ये-जा करायला मोकळी होती का, पोलिसांना ती आधीच ठाऊक होती का, हेही बघा. पंच फितूर झाला, तर सगळा भार तपास अधिकाऱ्याच्या साक्षीवर येतो.

कटाचं काम जास्त नाजूक. संगनमत कोणी कागदावर करत नाही, त्यामुळे ते वागण्यावरूनच ताडावं लागतं, हे खरं. पण सीडीआर, म्हणजे फोन कॉलचा तपशील, फक्त दोन नंबर जोडतो. सिम कोणाच्या नावावर, फोन कोणाच्या हातात, आणि बोलणं कशाबद्दल, हे वेगळं दाखवावं लागतं. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आहे का, हे पहिल्याच दिवशी तपासा. त्याच अधिनियमाच्या कलम ८ खाली एका कटकऱ्याचं बोलणं दुसऱ्यावर वापरायचं, तर कट असल्याचं मानायला आधी सबळ कारण हवं आणि ते बोलणं कट चालू असतानाचं हवं. अटकेनंतरचा जबाब त्यात बसत नाही.

सगळी सरतपासणी, उलटतपासणी संपली की तोच कागद पुन्हा काढा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम ३५१ खालच्या जबाबात एकेक परिस्थिती आरोपीला विचारली गेली का, टिकमार्क करत जा. विचारलीच नसेल, तर ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हेही सारडा निकालातच आहे.