टोणगा झाला म्हणून रेडकू सोडून देऊ नका

म्हशी विण्याचा आपल्याकडचा जोर श्रावणात सुरू होतो आणि मार्गशीर्षापर्यंत चालतो. त्यामुळे दिवाळीनंतर बहुतेक गोठ्यांत दावणीला एक-दोन लहान रेडकं असतातच. पारडी, म्हणजे मादी, असेल तर तिची बडदास्त ठेवली जाते. टोणगा, म्हणजे नर, असेल तर त्याच्या तोंडी गेलेलं दूध लिटरच्या भावानं मोजलं जातं. चीक जेमतेम, दूध म्हशीला पान्हा फुटण्यापुरतं, आणि महिना-दीड महिन्यात रेडकू आडवं होतं. पुढे म्हैस पान्हा चोरते आणि दूध काढण्यासाठी वापरायला बंदी असलेल्या ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनकडे हात जातो. जिवंत, धडधाकट रेडकू शेजारी असलं तर ही वेळच येत नाही.

महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, मार्च २०१५ पासून वळू आणि बैल यांच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हैसवर्ग या बंदीत येत नाही, मात्र कत्तलीआधी सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. म्हणजे मांसासाठी मोठं जनावर वाढवायचं, तर आपल्याकडे टोणगाच. नीट जोपासला तर दीड ते दोन वर्षांत तो तीनशे किलोच्या आसपास जातो. पण हे गणित पहिल्या तीन महिन्यांत जमतं किंवा बिघडतं. नंतर कितीही पेंड घाला, लहानपणी खुरटलेलं जनावर अंग धरत नाही.

जन्मल्यावर नाळ बोटभर अंतर ठेवून कापा आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. जार (वार) पडण्याची वाट बघत चीक अडवून ठेवण्याची पद्धत अजून कित्येक गावांत आहे, ती सोडा. रोगाशी लढण्याची ताकद रेडकाला चिकातूनच मिळते आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक कमी होते. तीस किलोच्या रेडकाला दिवसाला तीन लिटर चीक, दोन-तीन वेळा विभागून द्या. पहिला महिना वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं दूध, मग हळूहळू कमी करत तिसऱ्या महिन्याअखेर बंद. दुसऱ्या आठवड्यापासून समोर मूठभर काफ स्टार्टर (लहान वासरांचा खुराक) आणि कोवळं वाळलेलं गवत ठेवा. ते चघळू लागलं की कोठीपोट (चारा पचवणारा पोटाचा मोठा कप्पा) तयार होतं आणि दूध लवकर तोडता येतं. दुधाची बचत करायची ती अशी, उपाशी ठेवून नाही.

आता जंतांचं. म्हशीच्या रेडकांना गोलजंत आईच्या दुधातूनच होतात, त्यामुळे गोठा कितीही स्वच्छ असला तरी ते टळत नाहीत. पंधरा-वीस दिवसांच्या रेडकाचं शेण नीट बघा. ते मातकट-पांढरट, चिकट आणि उग्र वासाची असेल, पोट नगाऱ्यासारखं आणि पाठीचा कणा वर आलेला असेल, केस राठ होऊन उभे राहिले असतील, तर जंत झालेच समजा. इतकं होऊ देऊ नका. दहाव्या ते चौदाव्या दिवशी डॉक्टरांच्या सल्ल्यानं पायपराझिनसारखं जंतनाशक वजनाप्रमाणे पाजा, आणि पुढेही त्यांच्या वेळापत्रकानं देत राहा. एवढं एक काम वेळेवर झालं तरी मरतूक खूप कमी होईल.

थंडीत रेडकाच्या दाट केसांत उवा होतात. मान आणि कानामागचे केस बोटांनी विभागून पाहा. अंग घासत असेल, केस जागोजागी गळत असतील तर सगळ्या गोठ्याला एकदम उपचार करा, एकट्या रेडकाला करून उपयोग नाही. रात्री खाली कोरडा पालापाचोळा किंवा भुस्कट अंथरा, वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा. मात्र गोठा चहूबाजूंनी बंद करून धूर कोंडू नका, फुफ्फुसाचा दाह त्यानंच होतो.

घरचा टोणगा नसेल आणि बाजारातून घ्यायचा असेल, तर मांस पाहू नका, सांगाडा पाहा. सहा ते बारा महिन्यांचा, लांब पाठीचा, रुंद जबड्याचा, सरळ जाड पायांचा, डोळे तरतरीत आणि नाकपुडी ओलसर असलेला निवडा. वयाच्या मानानं उंच-लांब, पण चाऱ्याअभावी बारीक राहिलेला टोणगा मिळाला तर तो सोडू नये. पोटभर मिळू लागलं की तो झपाट्यानं भरतो. उलट बुटका, मोठ्या डोक्याचा आणि सुटलेल्या पोटाचा टोणगा कितीही स्वस्त असला तरी महागच पडतो. तोंड उघडून दात बघा. म्हैसवर्गात पहिली कायमची जोडी साधारण अडीच वर्षांनी येते, म्हणजे सगळे दुधाचे दात असलेला त्याआधीचा. कानात बारा अंकी बिल्ला आहे का तेही तपासा. आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधा. ऊसतोड टोळ्यांची जनावरं याच दिवसांत गावोगाव फिरतात आणि लाळ-खुरकूत त्यांच्यासोबत येऊ शकते. चार महिन्यांवरच्या ज्या रेडकांचं लसीकरण राहिलंय त्यांचं आत्ताच करून घ्या. घटसर्पाची लस मात्र पावसाळ्याच्या तोंडावर चुकवू नका, म्हैसवर्गाला तो फार लवकर नेतो.

चाऱ्यासाठी हा हंगाम सोयीचा आहे. दीडशे किलोच्या टोणग्याला दिवसाला दीड किलो कडबा कुट्टी किंवा सोयाबीनचं भुस्कट, सहा-सात किलो हिरवा चारा, सव्वा किलो खुराक आणि तीस ग्रॅम खनिज मिश्रण पुरतं. एवढ्यावर रोज चारशे ते सहाशे ग्रॅम वाढ मिळायला हवी. अडीचशे किलोच्या पुढे खुराक दोन किलोपर्यंत न्या. पश्चिम महाराष्ट्रात उसाचं गाळप सुरू झालं की वाढे (उसाचे हिरवे शेंडे) मुबलक मिळतात, आणि नुसत्या वाढ्यांवर जनावर काढण्याचा मोह होतो. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते अंगातला कॅल्शियम बांधून ठेवतं आणि वाढत्या हाडांना कमी पडतो. वाढ्याची कुट्टी करून तिच्यावर चुन्याची निवळी शिंपडून रात्रभर ठेवा, आणि हिरव्या चाऱ्यातला निम्मा वाटा लसूणघास किंवा मक्याचाच ठेवा.

भाताचा पेंढा किंवा गव्हाचं काड असेल तर शंभर किलोला चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरानं शिंपडा आणि प्लॅस्टिकखाली हवाबंद एकवीस दिवस दाबून ठेवा. काढल्यावर तासभर पसरून वास जाऊ द्या, सुरुवात मूठभरानं करा. सहा महिन्यांखालच्या रेडकाला हा चारा देऊ नये. युरियाचं पाणी उघड्यावर राहिलं आणि जनावरानं पिलं तर ते वाचणं कठीण, म्हणून बादली लगेच धुऊन ठेवा.

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, आणि कार्यालयांतून उरलेला भात, पुऱ्या, जिलेब्या गोठ्यात येऊ लागतात. हे अन्न एकदम पोटात गेलं की आम्लता होते. जनावर रवंथ थांबवतं, आंबूस वासाची पातळ हगवण लागते, एका रात्रीत दगावतंही. देऊच नका. विक्रीआधीच्या तीन महिन्यांत मक्याचा भरडा वाढवायचा तोही आठवड्या-आठवड्यानं.

विकताना नजरअंदाजावर जाऊ नका. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून बैठकीच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६० म्हणजे अंदाजे किलो. घेर ६० आणि लांबी ५२ आली तर वजन सुमारे २८४ किलो. व्यापाऱ्याचा आकडा यापेक्षा वीस-पंचवीस किलोंनी कमी असेल तर जवळच्या वजनकाट्यावर जनावर चढवायला सांगा. कुठलंही प्रतिजैविक किंवा गोचीडनाशक दिलं असेल तर लेबलवर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय त्याला कत्तलीसाठी देऊ नका.