पाठीत मशीन बसवून घेताय? या चुका टाळा

मी बेळगावात फिजिओथेरपी करते. खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडून कमरेचे पेशंट रोज येतात. त्यांतल्या काहींनी पुण्याला नाहीतर बंगळूरला जाऊन पाठीत ‘मशीन’, म्हणजे स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर, बसवून घेतलेलं असतं. मणक्याच्या पोकळीत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर एक बारीक तार आणि कुल्ल्याच्या वरच्या अंगाला कातडीखाली काड्यापेटीएवढी बॅटरी. तारेतून हलकी वीज जाते आणि नसेतून वर जाणारी कळ वाटेतच बोथट होते. उपचार जुना आहे, अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी १९६७ साली तो पहिल्यांदा केला. योग्य पेशंटला याचा फार फायदा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणूनच लाखांनी पैसे घालून लोक त्याच त्या चुका करतात तेव्हा जीव तुटतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे ट्रायलचे दिवस पडून काढणं. कायमची बॅटरी बसवण्याआधी नुसती तार आत सरकवतात, बॅटरी बाहेर पट्ट्याला लावतात आणि आठवडाभर बघतात. दुखणं निम्म्यानं तरी उतरलं तरच पुढचं ऑपरेशन. खानापूर तालुक्यातले एक भातवाले शेतकरी, मणक्याची दोन ऑपरेशनं झालेली, तरी डाव्या पायातली कळ जात नव्हती. ट्रायल सुरू झाली आणि घरच्यांनी धास्ती घेतली, “आण्णा, हलू नका, तार सरकंल.” आण्णा पाच दिवस कॉटवर. जेवण जागेवर, चहा जागेवर. हॉस्पिटलातून फोन आला की म्हणायचे, “एकदम बरं वाटालंय.” वाटणारच, कारण पडून राहिलं की त्यांची कळ आधीही थांबतच होती! कायमचं मशीन बसलं. रोपलावणीच्या दिवसांत माणसांवर देखरेख करायला बांधावर उभे राहिले आणि पंधरा मिनिटांत पाय पहिल्यासारखाच पेटला. मुलगा माझ्याकडे आला, “मॅडम, मशीन बिघडलंय काय?” तपासणीत मशीन नीट निघालं, एक्स-रेमध्ये तारही जागेवर. उभं राहिल्यावर त्यांना त्याचा उपयोगच नव्हता, आणि ते त्या पाच दिवसांत कळलं असतं.

माझ्या पेशंटला मी ट्रायलच्या आठ दिवस आधी दहा रुपयांची वही घ्यायला लावते. सलग किती वेळ उभं राहता आलं, गल्लीच्या टोकापर्यंत जाताना कितीदा थांबलात, रात्री कितीदा जाग आली, एवढंच लिहायचं. ट्रायलमध्ये पुन्हा तेच. दोन पानं शेजारी ठेवली की डॉक्टरांना विचारावं लागत नाही. वाकू नका, अंग पिळू नका, वजन उचलू नका, ड्रेसिंग भिजू देऊ नका. पण चाला, बसा, देवळापर्यंत जाऊन या.

दुसरी चूक भाषेची. आपली माणसं घरात मराठीत कण्हतात आणि हॉस्पिटलात गेलं की मोडक्या हिंदीत नाहीतर कन्नडमध्ये “दुखतंय” एवढंच सांगून गप्प बसतात. आपल्याकडे ठणका आहे, चमक आहे, आग आहे, मुंग्या आहेत, बधिरपणा आहे. ते शब्द वापरा! पायात आग होते किंवा करंटासारखी चमक जाते, ते बहुतेक नसेचं दुखणं. मशीन मुख्यतः त्यासाठी. वाकल्या-उचलल्यावर नुसती कंबर धरते, त्याला उपयोग कमी. घरीच मराठीत चिठ्ठी लिहा आणि ती सांगू शकेल असं माणूस सोबत न्या.

तिसरी चूक जिवावर बेतणारी आहे, मशीनबद्दल न सांगणं. एक मावशी मानेला शेक घ्यायला आल्या. शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे विजेच्या लहरींनी आतून शेक देणारं यंत्र, लावायची तयारी झाली होती. आधी अख्खी पाठ हातानं तपासायची माझी सवय. उजव्या कुल्ल्याच्या वर बोटांना कातडीखाली गुळगुळीत, कडक, कडा असलेलं काहीतरी लागलं. “मावशी, हे काय?” “ते होय, कमरेचं मशीन. पण दुखालंय मान की!” माझे हात गार पडले. डायथर्मीची ऊर्जा तारेतून टोकापर्यंत जाते आणि ते टोक मज्जारज्जूला लागून असतं. तिथलं मांस भाजू शकतं. शेक मानेला असो की गुडघ्याला, मशीन चालू असो की बंद, डायथर्मी नाही म्हणजे नाही. मशीनचं कार्ड आधार कार्डाबरोबर ठेवा आणि एमआरआय असो, दात असो, कुठलंही ऑपरेशन असो, आधी ते समोर ठेवा.

पहिले सहा ते आठ आठवडे तार अजून धरलेली नसते. गणपतीत माळ्यावरची भांडी काढायला हात वर ताणू नका, कळशी उचलू नका.

आडवं झाल्यावर मशीनच्या करंटानं येणाऱ्या मुंग्या वाढल्या तर घाबरू नका; मज्जारज्जू तारेजवळ सरकतो. झोपण्याआधी मशीनच्या रिमोटवर करंट कमी करा. काही मशीनमध्ये मुंग्या येतच नाहीत, म्हणून ते बंद आहे समजून वाढवत बसू नका.

ऑपरेशनच्या आधी रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, स्वतःच्या मनानं चालूही ठेवू नका. साखर आटोक्यात नसताना ऑपरेशनची घाई नको, जखम चिघळली तर सगळं काढावं लागतं.

आणि आठ दिवसांत “अजून दुखतंय, पैसे बुडाले” म्हणणारे. पहिलं सेटिंग सहसा शेवटचं नसतं, दोन-तीनदा तरी बदलावं लागतं. बंगळूरला जाण्यात दिवस मोडतो म्हणून लोक ती भेट चुकवतात आणि मशीनला शिव्या देतात. असा पेशंट आला की मी आधी व्यायाम देत नाही. माझ्यासमोर फोन लावून पुढच्या भेटीची तारीख घ्यायला लावते, आणि मुलाला तिथंच रात्रीच्या गाडीचं तिकीट काढायला सांगते.