काठाला टेकलेला काचेचा तडा: सगळा खेळ शेवटच्या पाच सेंटिमीटरचा

गाडीच्या पुढच्या काचेचा तडा काठाला टेकला म्हणजे काच बदलायलाच हवी, हे सरसकट खरं नाही. तडा ताजा आणि स्वच्छ असेल तर तो नीट भरता येतो. मात्र त्यात सुपरग्लू किंवा नेलपॉलिश घालायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. सुपरग्लू तड्यात शिरून तिथेच कडक होतो, मग रेझिनला, म्हणजे तडा भरायच्या आणि यूव्ही प्रकाशात घट्ट होणाऱ्या द्रवाला, आत जायला वाटच राहत नाही. दुरुस्ती होईपर्यंत तड्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवा आणि काच धुऊ नका. साबणाचं पाणी किंवा काच पुसायचं द्रावण एकदा आत गेलं की सहजी निघत नाही.

कोणता तडा भरायचा नाही, हे आधी ठरवा. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि त्यांच्यामध्ये सुमारे ०.७६ मिलिमीटर जाडीचा पीव्हीबी प्लास्टिकचा थर. भरता येतो तो फक्त बाहेरच्या काचेतला तडा. आतल्या बाजूनं फिरवलेलं नख अडकलं, मधला थर पांढरा पडला असेल, एकाच जागेतून तीन लांब तडे निघाले असतील, तडा दोन काठांना टेकला असेल किंवा थेट चालकाच्या नजरेसमोर वा कॅमेऱ्यासमोर असेल, तर काच बदला. अमेरिकेतलं रोलॅग्स हे दुरुस्तीचं मानक तड्याची मर्यादा १४ इंच, म्हणजे साधारण ३५ सेंटिमीटर धरतं. मर्यादेचा हट्ट यासाठी की अपघातात छताला आधार देणारी आणि प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग उघडताना तिला टेकू देणारी हीच काच असते.

गाडी सावलीत घ्या, उन्हात रेझिन तड्यात उतरण्याआधीच घट्ट होतं. काच २० ते ३० अंशांवर असावी, गाडीतला एसी आणि हीटर बंद. चष्मा आणि हातमोजे घाला.

पहिलं काम तड्याचं आतलं टोक थांबवण्याचं. टोकाच्या पुढे ३ ते ५ मिलिमीटरवर, तड्याच्याच रेषेत, १ मिलिमीटरच्या कार्बाइड बिटनं बाहेरच्या काचेच्या निम्म्या जाडीपर्यंत छिद्र पाडा. बिट सारखी उचलत राहा. प्लास्टिकच्या थराला बिट लागली तर तो जळतो आणि तिथे पांढरा डाग राहतो. मग छिद्रात टोच्या धरून हलकेच ठोका, म्हणजे बुल्सआय (लहान गोल तडा) फुटते आणि तडा धावत येऊन तिच्यात संपतो. नुसतं छिद्र पुरत नाही, तडा त्याला वळसा घालून पुढे जाऊ शकतो. बुल्सआय होईपर्यंत काचेला ना दाब द्यायचा, ना उष्णता.

तड्यात ओल असेल तर आता कोमट हवेनं, वीतभर लांबून, हळूहळू वाळवा आणि काच पुन्हा थंड होऊ द्या. मग रेझिन आत दाबणाऱ्या इंजेक्टरनं ती बुल्सआय भरून घ्या.

आता काठ. बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात. काच गाडीच्या सांगाड्याला युरेथेननं चिकटवलेली असते, त्यामुळे गाडीचा प्रत्येक पीळ आधी काठाला बसतो. काठाजवळ तडा सर्वांत रुंद असतो आणि नेमका तोच भाग रबरी बीडिंगखाली झाकलेला असतो. दिसतो तेवढाच तडा भरला, तर बीडिंगखालचा कोरडा तुकडा प्रत्येक खड्ड्याला उघडझाप करतो आणि भरलेलं रेझिन काचेपासून सुटायला लागतं. म्हणून बीडिंग प्लास्टिकच्या पट्टीनं उचला आणि काचेची कड डोळ्यांना दिसेपर्यंत तिथे पाचर ठेवा. ही पायरी टाळायची असेल तर काम सुरूच करू नका.

सक्शन कपवर बसणारा क्रॅक एक्सपांडर, म्हणजे स्क्रूनं काच दाबून तडा उघडणारं साधन, आतून लावा, तड्यापासून थोडा बाजूला. स्क्रू एका वेळी पाव फेराच द्या. आतून दाब आला की बाहेरचा तडा उघडतो आणि त्याची रेषा चांदीसारखी चमकते. पातळ रेझिन बुल्सआयच्या बाजूनं घालत काठाकडे या, म्हणजे आतली हवा पुढे सरकून काठातून बाहेर पडते. दोन्हीकडून भरत आलात, तर हवा मधे कोंडते आणि मग निघत नाही.

काठाच्या ५ सेंटिमीटर अलीकडे थांबा. इथून पुढे जाड रेझिन. रुंद फटीत पातळ रेझिन टिकत नाही, काठावरून वाहून बीडिंगखाली जातं आणि मागे पोकळी राहते. जाड रेझिनचा सलग ओघळ तड्यावर ठेवा, अगदी कडेपर्यंत, आणि वर पारदर्शक फिल्म दाबा. मग एक्सपांडर तीन-चार वेळा हळूहळू सैल-घट्ट करा. तडा उघडताना जे वर असेल ते आत ओढतो, म्हणून ओघळ मध्येच तुटू देऊ नका. ओघळ तुटला तर तडा हवा ओढेल. चमकणारी रेषा पूर्ण मावळली की दाब सोडा, तडा मिटू द्या, आणि मगच दिवा लावा. तडा ताणलेला असताना रेझिन घट्ट केलं, तर काच मिटायला जाते आणि नवा सांधा पहिल्या दिवसापासून ताणाखाली राहतो.

३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा यूव्ही दिवा टोकाकडून काठाकडे टप्प्याटप्प्यानं फिरवा, प्रत्येक टप्प्याला रेझिनच्या बाटलीवर लिहिलेला पूर्ण वेळ द्या. काठावरच्या काळ्या पट्ट्याची भीती नको. तो रंग बहुतेक गाड्यांत आतल्या बाजूला असतो, त्यामुळे बाहेरून दिलेला प्रकाश बाहेरच्या काचेतल्या तड्यापर्यंत पोहोचतो.

काचेच्या पृष्ठभागावर उरलेली खाच पिट रेझिननं (खाच भरायच्या रेझिननं) भरा, फिल्मखाली घट्ट करा, ब्लेड काटकोनात धरून खरवडा, पॉलिश करा.

बीडिंग बसवण्याआधी एक्सपांडरनं अगदी हलका दाब देऊन पाहा. पुसट रेषा राहणारच, पण दाबाखाली कुठे पुन्हा चांदी चमकली, तर तिथे रेझिन पोहोचलेलं नाही. ती चमक मधे असेल तर तेवढ्या जागी छोटं छिद्र पाडून पुन्हा रेझिन द्या. काठाशी असेल, तर घट्ट झालेल्या रेझिनच्या मागे नवं रेझिन क्वचितच शिरतं. अशा वेळी दुसरा थर लावत बसू नका, काच बदलायची तयारी करा.