जेसीबी-पोकलेनचे तास लिहिताना या चुका टाळा

भाड्याच्या यंत्राचं बिल तासावर निघतं आणि तास दाखवतं अवर मीटर. ते इंजिन किती वेळ चालू होतं एवढंच सांगतं. काम किती झालं, हे आपल्यालाच लिहावं लागतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मीटरवरचा शेवटचा आकडा मिनिटांचा समजणं. बहुतेक मीटरवर तो तासाचा दहावा भाग असतो, म्हणजे 1 आकडा 6 मिनिटांचा. दिवसाचा फरक 7.3 आला तर 7 तास 18 मिनिटं धरा, साडेसात तास नव्हे. रोज अशी 12 मिनिटं जास्त लागली तर 26 दिवसांत पाच तासांहून जास्त भाडं उगाच जातं.

लॉगबुक शनिवारी बसून आठवून भरू नका. पानभर ओळीने ‘8 तास’ लिहिलेलं दिसलं की ते पान अंदाजाने भरलंय असं मी धरतो. सकाळ-संध्याकाळ रीडिंग घ्या, मीटरचा फोटो काढा, ऑपरेटर आणि सुपरवायझर दोघांची सही त्याच दिवशी घ्या. यात ऑपरेटरवर अविश्वास नाही. त्याच्या ओव्हरटाइमचा पुरावाही तोच आहे.

आता खरा पैसा जातो ती जागा. पोकलेन 5 मिनिटांत एक हायवा, म्हणजे माती वाहणारा मोठा डंपर, भरते आणि हायवाची भरण्यासकट फेरी 40 मिनिटांची आहे, असं समजा. पोकलेनला सतत काम द्यायचं तर 8 हायवा हव्यात. साइटवर 5 असतील तर दर 40 मिनिटांत 15 मिनिटं पोकलेन उभी राहते, इंजिन चालू ठेवून. लॉगबुकात मात्र पूर्ण दिवस ‘खोदाई’. म्हणून ‘उभी’ असा वेगळा रकाना ठेवाच आणि पुढे कारण लिहा: गाडी नाही, लाइनआउट (खोदायच्या जागेची आखणी) नाही, पाऊस, ब्रेकडाऊन. आठवडाभर कारणं लिहिली की आणखी पोकलेन मागवायची की हायवा वाढवायच्या, हे कळतं. जीपीएस लावला तरी हे कारण कुणीतरी लिहावंच लागतं.

डिझेल जास्त लागतंय? लगेच चोरीचा आळ घेऊ नका. टाकी फुल ते टाकी फुल मोजा, लिटरला तासांनी भागा. मग गळती, चोंदलेला एअर फिल्टर आणि कामाचा प्रकार बघा. कडक मुरमात खोदताना डिझेल जास्तच लागतं. एवढं करूनही हिशेब लागला नाही, तर टँकरचं चलन आणि स्टोअरची नोंद ताडून पाहा.

मीटर बंद पडलं किंवा बदललं तर जुनं शेवटचं आणि नवं पहिलं रीडिंग तारखेसह लिहा. नाहीतर 250 तासांची सर्व्हिस कधी आली, हे कुणालाच सांगता येणार नाही.

काँक्रीटच्या व्हायब्रेटरची नीडल, हातातला ब्रेकर, ग्राइंडर अशा छोट्या साधनांना तासांची नोंद लागत नाही. प्रत्येकावर रंगाने नंबर टाका आणि देताना गँगऐवजी एका माणसाचं नाव लिहा.